शंका-समाधान : पेशीतील तंतू किती ताठ, किती चिवट?

गेल्या अंकात या सदरात आम्ही थोडक्यात लिहिले होते की, प्रत्येक पेशीच्या आत प्रथिनांच्या तंतूंचा एक सांगाडा असतो, आणि पेशीचा आकार, तिची हालचाल व तिचे विभाजन या सांगाड्यावर अवलंबून असते. त्यावर बडोद्यातून आणि आसपासच्या गावांतून जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला होता: हे तंतू मजबूत असतात का? उत्तर देण्यापूर्वी 'मजबूत' या शब्दाची फोड करणे भाग आहे. जे सहजी वाकत नाही त्याला आपण मजबूत म्हणतो आणि जे सहजी तुटत नाही त्यालाही मजबूतच म्हणतो. काच वाकत नाही, पण तुटते. सुतळी हवी तशी वाकते, पण तुटत नाही. पेशीने हे दोन गुण एकाच तंतूत कोंबलेले नाहीत. ते तिने वेगवेगळ्या तंतूंना वाटून दिले आहेत, आणि पुढील सर्व उत्तरांच्या तळाशी हीच गोष्ट आहे.

प्रश्न : मी आयुष्यभर मुलांना मल्लखांब शिकवला. पुरलेला लाकडी खांब, वेत आणि दोरी या तिन्ही साधनांवर एकच आसन करायचे म्हटले तरी शरीराला तीन वेगळ्या रीतींनी तोल सांभाळावा लागतो. आपण पेशीतील तंतूही तीन प्रकारचे सांगितलेत. त्यांच्यातही असाच स्वभावभेद आहे काय? (निवृत्त व्यायामशिक्षक, दांडिया बाजार)

उत्तर : आपली उपमा आम्हांला फार आवडली, कारण ती मापांच्या हिशेबातही बरीच टिकते. सर्व मापे दहा लाख पटींनी वाढली अशी कल्पना करावी, म्हणजे एक नॅनोमीटरचा एक मिलिमीटर होईल. मग २० मायक्रोमीटर रुंदीची एखादी पेशी २० मीटर रुंदीच्या आखाड्याएवढी दिसू लागेल. त्या आखाड्यात २५ मिलिमीटर जाडीच्या पोकळ नळ्या उभ्या-आडव्या गेलेल्या दिसतील, त्या सूक्ष्मनलिका. ७ मिलिमीटर जाडीचे, दोन पेड एकमेकांभोवती वळवून केलेले वेत दिसतील. ते अ‍ॅक्टिनचे तंतू. आणि १० मिलिमीटर जाडीचे दोर दिसतील, ज्यांची जाडी या दोहोंच्या मधली असल्यामुळे त्यांना मध्यम तंतू हे काहीसे रुक्ष नाव मिळाले आहे. त्वचेतील केराटिन, स्नायूंतील डेस्मिन आणि जोडऊतींतील व्हिमेंटिन हे सारे या तिसऱ्या कुळातले.

आता या आखाड्याची एक गोष्ट आपल्या आखाड्याहून अगदी वेगळी आहे. तेथे काहीही स्थिर नसते. पाण्याचे रेणू उष्णतेमुळे अखंड धावत असतात आणि प्रत्येक तंतूला सर्व बाजूंनी धक्के देत असतात. म्हणून तेथील ताठपणा मोजण्याची रीत अशी आहे की, या धक्क्यांना न जुमानता एखादा तंतू किती अंतरापर्यंत आपली दिशा टिकवून धरतो ते पाहायचे. या अंतराला भौतिकशास्त्रज्ञ 'पर्सिस्टन्स लेंग्थ' म्हणतात. आपण तिला ताठ-लांबी म्हणू. १९९३ मध्ये फ्रेडरिक गिट्स, जोनाथन हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मापनात अ‍ॅक्टिनची ताठ-लांबी सुमारे १७ मायक्रोमीटर भरली आणि सूक्ष्मनलिकेची सुमारे ५ मिलिमीटर. आपल्या वाढवलेल्या आखाड्यात पहिली १७ मीटर होईल आणि दुसरी ५ किलोमीटर. म्हणजे अ‍ॅक्टिनचा वेत आखाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईतो स्पष्ट वाकतो, तर सूक्ष्मनलिका केवळ उष्णतेच्या धक्क्यांनी जवळजवळ वाकतच नाही. मध्यम तंतूंची ताठ-लांबी मात्र एका मायक्रोमीटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी असते. ते खरोखरच दोरासारखे वळणे घेत पडलेले असतात.

यावरून मध्यम तंतू दुबळे आहेत असे वाटेल, पण दोराची परीक्षा वाकवून होत नाही, ओढून होते. १९९१ मध्ये पॉल जान्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तिन्ही तंतूंची जाळी वेगवेगळी तयार करून त्यांना पीळ देऊन पाहिला. अ‍ॅक्टिनचे जाळे सुरुवातीला चांगले ताठ होते, परंतु मूळ आकारापासून सुमारे २० टक्के सरकताच ते फाटले. सूक्ष्मनलिकांचे जाळे साधारण ५० टक्क्यांपर्यंत टिकले. व्हिमेंटिनचे जाळे आरंभी मऊ होते, पण जसजसे ओढावे तसतसे घट्ट होत गेले आणि ८० टक्क्यांच्या पुढेही अखंड राहिले. पुढे २००५ मध्ये एकेकटे मध्यम तंतू अतिसूक्ष्म सुईने ओढून पाहिले गेले, तेव्हा ते तुटण्यापूर्वी सरासरी आपल्या लांबीच्या अडीच पटींहून अधिक ताणले गेले. लोखंडाची तार किंवा मांजा यांपैकी कोणाकडूनही अशी अपेक्षा करता येत नाही.

एवढी लांबी येते कोठून? या तंतूंतील प्रथिनांची साखळी मुळात मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते आणि ओढल्यावर ती उलगडून सपाट पट्ट्यांच्या रचनेत जाते. हे प्रथम लोकरीत दिसले. इंग्लंडमध्ये लीड्स येथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० च्या दशकात ओली लोकर ताणून तिच्यातून क्ष-किरण सोडले, तेव्हा ताणण्यापूर्वीची आणि ताणल्यानंतरची चित्रे दोन वेगळ्या पदार्थांची असावीत इतकी भिन्न आली. लोकर आणि केस म्हणजे केराटिनच. आपण स्वतःही डोक्याचा एक ओला आणि एक कोरडा केस हलक्या हाताने ओढून पाहावा. ओला केस अधिक लांबतो हे बोटांनाच कळते.

उपमा एका ठिकाणी मात्र सुटते. आपला खांब एकदा पुरला की वर्षानुवर्षे तसाच राहतो. पेशीतील सूक्ष्मनलिका एका टोकाने वाढत असते आणि मग अचानक ढासळू लागते. टिमोथी मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी १९८४ मध्ये हे दाखवून दिले. पुष्कळ पेशींत एखादी सूक्ष्मनलिका काही मिनिटेच टिकते. मोडलेल्या खांबाला डागडुजी करण्याऐवजी पेशी तो काढून त्याच विटांचा दुसरा, हव्या त्या जागी उभा करते.

प्रश्न : मी कलाभवनात यंत्र-अभियांत्रिकी शिकते. आमच्या प्रयोगशाळेत पोलादाचा गज यंत्राच्या जबड्यात धरून तो तुटेपर्यंत ओढतात. २५ नॅनोमीटर जाडीचा तंतू कोणत्या जबड्यात धरणार? आणि अ‍ॅक्टिन व सूक्ष्मनलिका दोन्ही प्रथिनेच असतील, तर त्यांच्या ताठपणात शेकडो पटींचा फरक कसा? (विद्यार्थिनी, सयाजीगंज)

उत्तर : तुमच्या पहिल्या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर हे आहे की, तंतू धरावाच लागत नाही. वर सांगितलेल्या १९९३ च्या मापनात संशोधकांनी तंतूंना चमकणारा रंग लावला, ते काचेच्या दोन पट्ट्यांमधील पातळ द्रवात सोडले आणि सूक्ष्मदर्शकातून त्यांची थरथर चित्रित केली. धक्के देण्याचे काम पाण्याची उष्णता फुकट करते, आणि त्या धक्क्यांचे सरासरी बळ आपल्याला नेमके माहीत असते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची ही ऊर्जा सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर असते. तंतू जितका कमी थरथरतो तितका तो ताठ. तुमच्या पुस्तकात जो वाकण्याचा प्रतिरोध यंग मोड्युलस (पदार्थाचा अंगचा ताठपणा) आणि छेदाचा क्षेत्र-जडत्वाघूर्ण (छेदाच्या आकारावरून ठरणारे माप) यांच्या गुणाकाराने काढतात, त्याला या उष्ण ऊर्जेने भागले की ताठ-लांबी मिळते. सूक्ष्मनलिकेसाठी हा गुणाकार २.२ × १०⁻²³ न्यूटन-वर्गमीटर आला; भागाकार करून पाहिलात तर ५ मिलिमीटरच्या थोडे पुढे उत्तर येईल.

ओढण्याचे प्रयोगही होतात. काचेच्या अतिशय बारीक, लवचीक सुया तंतूच्या दोन टोकांना चिकटवून सुई किती वाकली यावरून बळ मोजतात. लेसर किरणाच्या चिमट्यात सूक्ष्म मणी पकडूनही हे करता येते. या चिमट्याबद्दल आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जपानमध्ये तोशिओ यानागिदा यांच्या गटाने १९९४ मध्ये सुयांच्या साह्याने दाखवले की, एक मायक्रोमीटर लांबीचा अ‍ॅक्टिन तंतू एका नॅनोमीटरने लांबवायला सुमारे ४४ पिकोन्यूटन बळ लागते. पिकोन्यूटन म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: रक्तातील एका तांबड्या पेशीचे वजन जवळपास एक पिकोन्यूटन भरते. या आकड्यातून तुम्ही तंतूच्या छेदाचे क्षेत्रफळ धरून यंग मोड्युलस काढलात, तर उत्तर दोन गिगापास्कलच्या आसपास येईल. पोलादाचे मोड्युलस २०० गिगापास्कल असते, तेव्हा हा पदार्थ पोलादाच्या जवळपासही नाही. तो कठीण प्लॅस्टिकच्या वर्गात बसतो.

आणि येथेच तुमचा दुसरा प्रश्न सुटतो. सूक्ष्मनलिकेचे मोड्युलसही एक-दोन गिगापास्कलच्याच घरात आहे. पदार्थ जवळजवळ तोच, फरक आकाराचा. वाकण्याचा प्रतिरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताने वाढतो हे तुम्ही शिकला आहात. सूक्ष्मनलिकेत साधारणतः १३ पेड एकमेकांना कडेने चिकटून एक नळी तयार होते, जिचा बाहेरचा व्यास २५ आणि आतला सुमारे १५ नॅनोमीटर असतो. तेवढेच प्रथिन वापरून भरीव काठी केली असती तर ती २० नॅनोमीटर जाड झाली असती, आणि गणित करून पाहिल्यास तिचा ताठपणा नळीच्या निम्म्याहूनही कमी भरतो. बांबू पोकळ असूनही इतका भार का पेलतो, याचे कारणही हेच. अ‍ॅक्टिनला ही सोय नाही; त्याचे दोनच पेड असतात. परंतु तो एकटा क्वचितच काम करतो. आतड्याच्या पेशींवर जी बोटांसारखी सूक्ष्म टोके असतात, त्यांत प्रत्येकी २०–३० तंतूंची जुडी असते. २० तंतू नुसते शेजारी ठेवले, तर जुडीचा ताठपणा २० पट होईल. पण आडव्या प्रथिनांनी ते एकमेकांवर घसरणार नाहीत असे घट्ट बांधले, तर तो तंतूंच्या संख्येच्या वर्गाने वाढून ४०० पटींपर्यंत जाऊ शकतो. कानातील ज्या केसांसारख्या टोकांवर ध्वनी आदळतो, ती अशाच घट्ट बांधलेल्या जुड्यांची असतात.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण अभियंत्याला तो पडायलाच हवा: दाब पडल्यावर काय होते? खांब किती दाबाने वाकतो हे सांगणाऱ्या ऑयलरच्या सूत्राने १० मायक्रोमीटर लांबीची मोकळी सूक्ष्मनलिका केवळ दोन पिकोन्यूटनच्या आसपासच्या दाबाने कमानीसारखी वाकून जाईल. पेशीतील एकच मोटर-प्रथिन, म्हणजे ओझी ओढणारे प्रथिन, याच्या तिप्पट ओढू शकते, मग या नळ्या दाब सोसतात कशा? उत्तरायणात पतंगाची कमान हातात घेऊन दोन्ही टोकांनी दाबलीत तर ती एका मोठ्या वळणात वाकते. तीच कामटी ओल्या वाळूत पुरून दाबली तर मोठे वळण घ्यायला तिला जागाच मिळत नाही, आणि ती वाकलीच तर लहान-लहान लाटांत वाकते. पेशीतही भोवतालचे जाळे नळीला कडेने आधार देते. हृदयाच्या पेशी आकुंचन पावताना सूक्ष्मनलिका सुमारे ३ मायक्रोमीटरच्या लाटांत वाकतात आणि पेशी सैल होताच पुन्हा सरळ होतात. लाटेची लांबी एक-तृतीयांश झाली की सोसता येणारा भार नऊपट होतो, आणि आधार देणाऱ्या जाळ्याचा वाटा त्यात आणखी मिळतो. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, हृदयाच्या पेशीत हा आधार डेस्मिनचे मध्यम तंतू देतात. ताठ नळीला न वाकू देणारा हात मऊ दोराचा आहे, आणि तुमच्या आमच्या छातीत हे मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा घडते आहे.

प्रश्न : वनस्पतींच्या पेशींतही हे तिन्ही तंतू असतात का? (वाचिका, अलकापुरी)

उत्तर : अ‍ॅक्टिन आणि सूक्ष्मनलिका असतात. केराटिनसारखे मध्यम तंतू नसतात. वनस्पतीच्या पेशीभोवती सेल्युलोजची भिंत असते आणि ताण सोसण्याचे काम तीच करते. त्या भिंतीतील सेल्युलोजचे धागे कोणत्या दिशेने विणले जावेत, हे पुष्कळदा आतील सूक्ष्मनलिकांच्या मांडणीवरून ठरते.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या तळपायांना आणि तळहातांना थोडे घासले तरी फोड येतात. त्वचारोगतज्ज्ञांनी 'एपिडर्मोलायसिस बुलोसा सिम्प्लेक्स' असे निदान केले आणि केराटिनमध्ये दोष असल्याचे सांगितले. गेल्या अंकात आपण लिहिलेत की केसही केराटिनचेच असतात. मग त्याचे केस दाट आणि चांगले कसे? आणि माझ्या गरोदरपणात काही कमी पडले असेल का? (एक आई, वाघोडिया रोड)

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही. हा आजार खाण्यापिण्यातील उणिवेमुळे किंवा गरोदरपणातील एखाद्या चुकीमुळे होत नाही. तो जनुकातील एका लहानशा बदलामुळे होतो. हा बदल कधी आई किंवा वडिलांकडून येतो, तर कधी मुलात प्रथमच घडलेला असतो.

केसांविषयी आपली शंका अगदी योग्य आहे. केराटिन हे एका प्रथिनाचे नाव नसून कुळाचे नाव आहे. माणसात त्याची ५४ जनुके आहेत, आणि शरीराच्या वेगवेगळ्या भागांत त्यांतील वेगवेगळ्या जोड्या वापरल्या जातात. केसांची जोडी निराळी. त्वचेच्या वरच्या आवरणातील सर्वांत खालच्या थरात केराटिन ५ आणि केराटिन १४ ही जोडी काम करते, आणि या आजारात बहुधा या दोहोंपैकी एकात दोष असतो. त्यामुळे मुलाचे केस, डोळे, हाडे यांवर त्याचा परिणाम दिसत नाही.

फोड का येतो, हे समजून घेतल्याने काळजी घेणे सोपे जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपण चालतो तेव्हा जमीन तळव्याला मागे खेचते आणि आतले हाड पुढे सरकते. मधल्या त्वचेला हा तिरपा ताण सोसावा लागतो. त्या सर्वांत खालच्या थरातील पेशींत केराटिनचे दोर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले असतात आणि शेजारच्या पेशींच्या दोरांशी पक्क्या सांध्यांनी जोडलेले असतात. ताण आला की दोर ताणले जातात, घट्ट होतात आणि भार अनेक पेशींत पसरतो. या आजारात शरीर निम्मे केराटिन चांगले बनवत असते, पण सदोष रेणूही त्याच दोरात वळले जातात. दहा पेडांत चार-पाच पेड कुजके निघाले तर जे दोराचे होते, तेच येथे होते. दोर ताण सोसत नाहीत, आणि पेशी मधूनच फाटते. त्या फाटलेल्या जागेत द्रव साठतो, तोच फोड. त्वचेचे दोन थर एकमेकांपासून सुटल्यामुळे हा फोड येत नाही, खालच्या थरातील पेशीच आतून तुटल्यामुळे येतो. या प्रकाराचा हा विशेष आहे.

हे कारण १९९१ मध्ये उलगडले, तेही काहीशा उलट्या वाटेने. शिकागो विद्यापीठात इलेन फुक्स आणि त्यांचे सहकारी केराटिनचा अभ्यास करीत होते. त्यांनी उंदरात केराटिन १४ चे सदोष जनुक घातले, आणि त्या उंदरांच्या त्वचेवर फोड आले. मग असा कोणता मानवी आजार आहे याचा त्यांनी शोध घेतला आणि या आजाराच्या रुग्णांत तेच जनुक तपासले. दोष तेथे सापडला. मध्यम तंतूंचे काम पेशीला फाटू न देणे हे आहे, याचा इतका थेट पुरावा त्यापूर्वी कोणाकडेही नव्हता.

उष्णता आणि घाम यांनी फोड वाढतात, त्यामुळे आपल्याकडील एप्रिल-मे महिने या मुलांना जड जातात. सैल, मऊ, आतून शिवण न टोचणारी पादत्राणे, सुती मोजे आणि तळवे थंड व कोरडे ठेवणे यांचा उपयोग होतो. फोड घरी कसा हाताळावा हे आपल्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष पाहून शिकून घ्यावे. पुढील अपत्याचा विचार असेल तर जनुकीय सल्ला अवश्य घ्यावा.

प्रश्न : माझ्या आईला रक्ताच्या कर्करोगासाठी व्हिन्क्रिस्टीन हे औषध देत आहेत. ते सदाफुलीपासून निघते असे कळले. इथे जिला बारमासी म्हणतात आणि जी आमच्या गच्चीत लावली आहे, तीच का ही? औषध सुरू झाल्यापासून आईच्या पायांना मुंग्या येतात. त्याचा या तंतूंशी संबंध आहे का? (वाचक, रावपुरा)

उत्तर : होय, तीच सदाफुली. १९५० च्या दशकात कॅनडामध्ये रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर मधुमेहावरील उपाय म्हणून तिचा अर्क तपासत होते. मधुमेहावर त्याचा गुण आला नाही, पण प्राण्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटलेल्या दिसल्या, आणि त्यातून व्हिन्ब्लास्टीन हे औषध मिळाले. व्हिन्क्रिस्टीन त्याचेच भावंड. ही दोन्ही द्रव्ये सूक्ष्मनलिकेच्या विटांना, म्हणजे ट्यूब्यूलिन या प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे नळी बांधली जात नाही. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन बाजूंना ओढण्यासाठी याच नळ्या लागतात. त्या नसल्या की विभाजन अर्ध्यावर अडते आणि वेगाने वाढणारी कर्कपेशी मरते.

मुंग्यांचा संबंधही याच नळ्यांशी आहे. पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीचा धागा जवळजवळ एक मीटर लांब असतो आणि त्यातील सारी वाहतूक सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून चालते. रूळ विसकटले की सर्वांत लांबचे टोक आधी उपाशी पडते, म्हणून त्रास पायांपासून सुरू होतो. हा त्रास डॉक्टरांना ताबडतोब सांगावा, कारण त्यावरून मात्रा बदलता येते. गच्चीतील पाने किंवा फुले उकळून कोणालाही देऊ नयेत. औषधाची मात्रा अत्यंत काटेकोर असते आणि झाडात किती द्रव्य आहे हे घरी मोजता येत नाही. कळलावीच्या कंदाविषयीही हाच इशारा. त्यातील कोल्चिसीनही ट्यूब्यूलिनलाच चिकटते आणि त्याने माणसे दगावलेली आहेत.

प्रश्न : मी छोटा उदेपूरजवळच्या एका शाळेत शिकवते. सिकल सेलच्या तपासणी शिबिरात सांगितले की, या आजारात तांबडी पेशी कडक होते. कडक झाली तर ती अधिक मजबूत व्हायला हवी ना? (शिक्षिका)

उत्तर : बाई, आरंभी जी फोड केली तिच्यासाठी आपल्या प्रश्नाहून चांगले उदाहरण नाही. निरोगी तांबडी पेशी सुमारे ८ मायक्रोमीटर रुंद असते आणि तिला स्वतःहून अरुंद केशवाहिन्यांतून जावे लागते. प्लीहेतील फटी तर याहून कितीतरी चिंचोळ्या असतात. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात हे तिला असंख्य वेळा करावे लागते. म्हणून या पेशीत सूक्ष्मनलिका नसतात आणि लांब अ‍ॅक्टिन तंतूही नसतात. तिच्या आवरणाला आतून एक जाळी शिवलेली असते. स्पेक्ट्रिन नावाच्या लवचीक प्रथिनाचे धागे अ‍ॅक्टिनच्या अगदी आखूड तुकड्यांना गाठी मारल्यासारखे जोडलेले असतात. मऊ राहणे हीच या पेशीची ताकद आहे. जन्मतः स्पेक्ट्रिनची जाळी सदोष असलेल्या लोकांच्या तांबड्या पेशी गोल किंवा लांबट होऊन लवकर नष्ट होतात.

सिकल सेलमध्ये या मऊ पेशीत एक नको असलेला तंतू उभा राहतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. एवढ्या बदलामुळे, प्राणवायू सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटू लागतात आणि १४ पेडांचा, सुमारे २० नॅनोमीटर जाडीचा दोरखंड वळला जातो. त्याला दोर म्हणायचे ते केवळ रचनेवरून. गुणाने तो काठी आहे, आणि त्याची ताठ-लांबी तांबड्या पेशीच्या रुंदीच्या कितीतरी पट असते. अशा अनेक काठ्या आतून आवरणाला रेटू लागल्या की पेशीचा आकार विळ्यासारखा होतो आणि ती अरुंद वाहिनीत अडकते. तिच्या मागे रक्त तुंबते, आणि मुलाला हाडांत, पोटात असह्य वेदना होतात. वारंवार काठ्या होऊन विरघळल्याने आवरणही झिजते आणि पेशी थोड्याच दिवसांत फुटते. ती ताठ झाली, पण चिवट राहिली नाही.

आपल्या शाळेच्या दृष्टीने यातील एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. प्राणवायू सुटताच काठ्या लगेच तयार होत नाहीत; मधे काही काळ जातो. तेवढ्या अवधीत पेशी फुप्फुसात परतली तर प्राणवायू मिळून संकट टळते. हा अवधी पेशीतील हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर अवलंबून असतो, आणि दाटपणा किंचित वाढला तरी अवधी फार झपाट्याने घटतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भावस्थेतील प्रकारचे हिमोग्लोबिन वाढते, जे या काठ्यांत सामील होत नाही, आणि त्यामुळे हा अवधी लांबतो. शरीरातील पाणी कमी झाले की पेशी सुकते आणि हिमोग्लोबिन दाट होते. म्हणून अशा मुलांना वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, तास चालू असतानाही पाणी पिऊ द्यावे, उन्हात कवायतीला उभे करू नये आणि थंडीत अंगावर पुरेसे कपडे आहेत ना हे पाहावे. ज्या मुलांच्या कार्डावर 'वाहक' असे लिहिले आहे, त्यांच्या पेशींत निम्म्याहून कमी हिमोग्लोबिन सदोष असते आणि एरवी त्यांना त्रास होत नाही. त्यांना खेळापासून दूर ठेवण्याचे कारण नाही, फक्त कडक उन्हात धावताना त्यांनीही पाणी पीत राहावे.